चावीच्या घड्याळातून स्टीमपंक पेंडंट, गोंदाविना

पितळी तबकडीवर पाच-सहा दातेरी चाकं चिकटवली की झालं स्टीमपंक, असा समज तयार मालाने पसरवलाय. जवळून पाहिलं की पोल खुलते. दाते एकमेकांत बसत नाहीत, मधल्या भोकात आस नाही, आणि कुठे तीन चाकं त्रिकोणात एकमेकांना भिडवलेली असतात. असं यंत्र कधीच फिरणार नाही. शेजारची दोन चाकं उलट दिशांना फिरतात. तिसरं दोघांनाही भिडलेलं असेल तर त्याने फिरायचं कुठल्या बाजूने? ज्याला यंत्रं कळतात तो इथेच हसतो.

स्टीमपंक हा शब्द १९८७ चा. अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जीटर यांनी तो जवळजवळ थट्टेत वापरला, व्हिक्टोरियन काळातल्या कल्पित यंत्रांच्या कथांसाठी. कल्पना अशी: वीज आणि चिप यांच्याऐवजी वाफ आणि दातेरी चाकं यांवरच जग पुढे गेलं असतं तर? म्हणून या शैलीचे दोन पाय आहेत. एक कारखान्यात: रिवेट, स्क्रू, प्रेशर गेज, तांब्याच्या नळ्या. दुसरा राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या, म्हणजे १८३७ ते १९०१ च्या दिवाणखान्यात: अंडाकृती लॉकेट, कॅमिओ म्हणजे उठावात कोरलेला चेहरा, मखमल, लेस, वेस्टकोटवरून जाणारी खिशातल्या घड्याळाची अल्बर्ट साखळी. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारले आणि राणी कायमची काळ्या कपड्यांत गेली. इंग्लंडात व्हिटबी गावच्या जेटचे, म्हणजे दगडासारख्या झालेल्या काळ्या लाकडाचे, शोकाचे दागिने तेव्हा फार चालले. त्यामुळे काळा रंगही या शैलीत हक्काचा. नुसता कारखाना घेतला तर दागिना सुट्या भागांच्या दुकानासारखा दिसतो, नुसता दिवाणखाना घेतला तर तो जुना दागिना होतो. आकार दिवाणखान्याचा आणि जोड कारखान्याचे, हे प्रमाण बहुतेक वेळा जमतं.

जोड दिसलेच पाहिजेत. रिवेट (भोकातून घालून टोकं ठोकलेली खीळ), स्क्रू, वाकवलेली पट्टी यांनी धरलेली वस्तू चालेल असं वाटतं. गोंदाने धरलेली वाटत नाही. खालच्या पेंडंटमध्ये गोंदाचा एक थेंबही नाही, आणि बाजूची चावी ओढून फिरवली की समोरची चाकं आणि काटे खरोखर फिरतात.

सामान

बंद पडलेलं चावीचं मनगटी घड्याळ एक, पुरुषांचं. बॅटरीचं घेऊ नका, त्यातली चाकं बहुतेक प्लास्टिकची. घड्याळजीकडे मोडीत काढलेली यंत्रं असतात. मुंबईत चोर बाजार, पुण्यात जुना बाजार इथेही मिळतात. चालू स्थितीतलं एचएमटी मात्र फोडू नका. कारखाना बंद झाला आहे आणि जपणारे लोक आहेत.

तांब्याचा पत्रा ०.८ मिमी, ६० × ४५ मिमीचा तुकडा. पितळी पत्रा ०.५ मिमी, त्यातून ४ मिमी रुंद आणि ४० मिमी लांब अशा दोन पट्ट्या. पितळी तार १.२ मिमी, वीतभर. १.५ मिमी जाडीचं चामडं. १.२ मिमीच्या भोकाचे चार पितळी वॉशर. साखळी ७० सेंमी. पत्रा तांबट आळीत किंवा हार्डवेअरच्या बाजारात मिळतो. विकत घेताना स्क्रू गेज लावून बघा, ‘०.८’ म्हणून दिलेला पत्रा पुष्कळदा पातळ निघतो.

हत्यारांत सोनारी करवत (२/० पातं), ०.८, १.२ आणि २ मिमीची ड्रिलची पाती, सेंटर पंच, बारीक कानस, गोल डोक्याची छोटी हातोडी, घड्याळाचे स्क्रूड्रायव्हर, चिमटा आणि दोन पक्कडी. आणि चष्मा. घड्याळाची स्प्रिंग उडाली की डोळ्याकडेच येते असं धरून चाला.

घड्याळ उघडणं

पहिलं काम, उरलेली चावी, म्हणजे स्प्रिंगमधला ताण, सोडवणं. मागचं झाकण काढलं की मोठ्या दातेरी चाकाला अडवणारी एक छोटी खुंटी दिसते. बाहेरची चावी बोटांत घट्ट धरा, किंचित पुढे फिरवा, टूथपिकने खुंटी बाजूला दाबा आणि बोटांमधून चावी सावकाश उलटी सुटू द्या. एकदम सोडली तर दाते तुटतात. ज्या गोल डबीत मुख्य स्प्रिंग असते ती उघडायची गरजच नाही.

दुसरं, तबकडीवर किंवा काट्यांवर जुना चमकणारा रंग असेल, विशेषतः तपकिरी पडलेला, तर तो खरवडू नका. साठच्या दशकापर्यंतच्या घड्याळांत त्या रंगात रेडियम असायचं आणि त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. अशी तबकडी आणि काटे आहेत तसे पिशवीत बंद करून बाजूला ठेवा, दागिन्यात वापरू नका. काटे दुसऱ्या साध्या घड्याळाचे घ्या.

आता चावीची दांडी सोडवून यंत्र बाहेर काढा, काटे उचला, तबकडी काढा आणि दांडी परत बसवा. तबकडीखाली मधोमध दोन चाकं एकाच आसावर दिसतील आणि त्यांच्या शेजारी तिसरं. तास-मिनिटांचे काटे फिरवणारी ही मंडळी. चावी बाहेर ओढून फिरवली की ती फिरतात, घड्याळ बंद असलं तरी. कारण मधलं मिनिटाचं चाक आपल्या आसावर फक्त घर्षणाने बसवलेलं असतं. मागची चाकांची गाडी अडकली तरी ते घसरून फिरतं.

तबकडी गेल्यावर तासाचं चाक मोकळं होतं आणि यंत्र उलटं केलं की पडतं. उपाय सोपा आहे: तासाचा आणि मिनिटाचा असे दोन्ही काटे परत दाबून बसवा, वरचा काटा खालच्याला धरून ठेवतो. शेजारचं तिसरं चाकही काही घड्याळांत फक्त तबकडीमुळेच जागेवर असतं. ते हलत असेल तर ०.३ मिमी पितळेची छोटी पट्टी कापा, तिचं एक टोक जवळच्या स्क्रूखाली धरा आणि दुसरं चाकावर केसभर अंतर ठेवून येऊ द्या. टेकली तर चाक जड फिरेल.

मागच्या बाजूचं झोका घेणारं चाक एका स्क्रूवर असतं, ते काढून घ्या. दागिन्यात ते मोडणारच, आणि कानातल्यासाठी ते सोन्यासारखं सापडतं. यंत्र पांढऱ्या पेट्रोलमध्ये बुडवून मऊ ब्रशने धुवा, खिडकी उघडी आणि जवळपास ज्योत नाही अशा जागी.

पाया

तांब्याच्या पत्र्यावर ५० × ३६ मिमीचा अंडाकृती आखा. मधोमध यंत्राचं वर्तुळ काढा. पुरुषांच्या घड्याळाचं यंत्र साधारण २५–२६ मिमी भरतं, पण तुमचं मोजूनच आखा. जिथे चावी येते त्या बाजूला काठातून ८ मिमी रुंद, ४ मिमी खोल खाच कापायची. ही विसरली तर चावीचा गोळा तांब्याला घासतो आणि बोटांत धरता येत नाही.

वर्तुळावर चार खाचा हव्यात, कर्णांच्या टोकांना, म्हणजे चावीपासून दूर. प्रत्येक खाच ४.२ मिमी लांब, ०.८ मिमी रुंद: ओळीत चार-पाच भोकं पाडा आणि करवतीने जोडा. भोकाआधी सेंटर पंचाची खूण कराच, नाहीतर पातं पत्र्यावर घसरतं. पाती मोडतात ती बहुधा ड्रिल तिरका झाल्यामुळे. मेण लावा आणि कमी वेगाने सरळ उतरा.

वरच्या टोकाला साखळीच्या कडीसाठी २ मिमीचं भोक, काठापासून अडीच मिमी आत. वर दोन आणि खाली दोन अशी रिवेटची १.२ मिमीची भोकं. कडा कानसून ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर आणा.

तांबं काळं करायला अंडं पुरतं. भांड्याच्या साबणाने तांब्याचा तेलकटपणा काढा. एक अंडं दहा मिनिटं उकडून गरम असतानाच कुस्करा आणि हवाबंद डब्यात तांब्याशेजारी, न टेकवता ठेवा. अर्ध्या तासात तपकिरी, काही तासांत गडद. अंड्यातल्या गंधकाचं हे काम. पितळेवर मात्र ते जवळजवळ होत नाही. मग उंच भागांवरून बारीक स्टील वूल फिरवा, म्हणजे खोलगट जागा काळ्या आणि कडा लाल राहतात. हे सगळं यंत्र बसवायच्या आधीच, गंधक घड्याळाच्या भागांनाही सोडत नाही.

जोडणी

बाजारातली पितळी पट्टी कडक असते, काटकोनात वाकवली की तडकते. गॅसवर धरा, अंधूक उजेडात मंद लाल दिसली की पाण्यात टाका. काळा थर घालवायला अर्धा लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अॅसिड, पंधरा मिनिटं. त्यात लोखंडी चिमटा घालू नका, पितळेवर गुलाबी तांब्याचा थर चढतो. लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरा.

अमोनियाच्या वाफेवर पितळ निळं-हिरवं करायचा मोह होतो. सपाट, तापवून मऊ केलेल्या तुकड्यांवर खुशाल करा, मोकळ्या हवेत, आणि ब्लीचपासून लांब. पण वाकवून ताणात ठेवलेल्या पट्ट्यांवर नको. ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानातली पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातूतला ताण मिळून हे होतं, हा उलगडा १९२१ मध्ये झाला.

दोन्ही पट्ट्या मागून खाचांतून पुढे काढा, पाठीवर त्या फुलीसारख्या छेदतील. मागे चामड्याचा तसाच अंडाकृती, खाचेसकट. तार भोकातून घाला, मागे वॉशर, आणि दोन्हीकडे सुमारे ०.६ मिमी तार बाहेर ठेवून कापा. जास्त ठेवली तर वाकते, कमी ठेवली तर डोकं बनत नाही. गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्या, मधोमध जोरात एकच हाणू नका. पुढचं डोकं घुमटासारखं झालं की थांबा.

ठोकाठोकी संपल्यावरच यंत्र ठेवा, काट्यांची बाजू वर. पट्ट्यांची चारही टोकं यंत्राच्या कडेपेक्षा दीड मिमी उंच ठेवून बाकीची कापा, कोपरे गोल करा आणि समोरासमोरच्या जोडीने आत वाकवा. पहिलं पूर्ण वाकवून मग दुसरं घेतलं तर यंत्र एका बाजूला सरकतं. एका टोकाला एकच वाकवणी. उलगडून परत वाकवलं तर तुटलं समजा.

साखळीसाठी १.२ मिमी तारेच्या, आतून ६ मिमी व्यासाच्या कड्या. कडी उघडताना टोकं पुढे-मागे सरकवा, बाजूंना ओढू नका, गोलाई परत येत नाही.

यावर रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक प्लास्टिक, ओतायचं सुचेल. फिरती चाकं कायमची अडकतात, शिवाय युव्ही प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन चाकांच्या सावलीत कच्चं राहतं आणि दोन द्रव मिसळून बनणाऱ्या इपॉक्सी रेझिनवर पावसाळ्यातल्या दमट हवेत चिकट, दुधाळ थर येतो. त्यापेक्षा तांब्यावर मेणाचं पॉलिश द्या आणि पोलादी भागांना घड्याळाच्या तेलाचा जेमतेम ओलावा, नाहीतर घामाने पहिल्याच पावसाळ्यात गंजतील.

चामड्याची पाठ दिसायला बरी दिसते म्हणून नाही. घड्याळाच्या यंत्रावर बहुधा निकेलचा मुलामा असतो आणि तो अनेकांच्या त्वचेला चालत नाही. तांबं अंगाला लागलं तर हिरवा डाग देतं. याच कारणाने काढून ठेवलेल्या चाकाची कानातली केलीत तर कानात जाणारा आकडा ९२५ चांदीचा किंवा टायटॅनियमचाच घ्या. ते चाकही तारेत मोकळं लटकवा, त्याच्या बारीक आसाला पक्कड लावू नका: पोलाद कडक असतं, वाकत नाही, सरळ तुटतं.