शनिवारी अ‍ॅन आर्बरला येऊ नका, आलात तर नीट या

ऑगस्ट लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचा भाचा मास्टर्सला आलेला असतो, कुणाची जाऊ नवऱ्याच्या नोकरीपायी इथं जवळच कँटनला आलेली असते. भाडं किती पडतं, जुनी गाडी कुठली घ्यावी, तूरडाळ कुठं चांगली मिळते, हे सगळे विचारतात. ते महिन्याभरात आपोआप कळतं. शनिवाराबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि इथं नव्या माणसाची पहिली फजिती होते ती शनिवारीच.

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. २००६ च्या ऑगस्टमध्ये आम्ही मिशिगनला आलो. सप्टेंबरातल्या एका शनिवारी कुकर आणि दोन-चार पातेली घ्यायला म्हणून अ‍ॅन आर्बरला गेलो. रस्त्यावर पिवळ्या-निळ्या कपड्यांतली माणसं जत्रेला निघाल्यासारखी चालली होती. नवऱ्यानं एका गल्लीत जागा बघून गाडी लावली. परत आलो तर गाडी उचलून नेलेली. ती सोडवायला जेवढे डॉलर गेले, तेवढ्यात तीन कुकर आले असते.

त्या दिवशी गावात कॉलेज फुटबॉलचा सामना होता, हे नंतर कळलं. म्हणून पहिलं काम हे करा. इथल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉलचं वेळापत्रक काढा आणि घरचे सामने कॅलेंडरवर लिहून टाका. त्या दिवशी घर बदलायचं नाही, सासू-सासऱ्यांना कॅम्पस दाखवायला न्यायचं नाही, आणि बारसं-डोहाळजेवणाची तारीख तर मुळीच धरायची नाही. मंडळाचा गणपती बऱ्याचदा सप्टेंबरातच येतो, तेव्हा हॉल ठरवण्याआधी कमिटीवाल्यांनीही एकदा नजर टाकावी. किराणा भरायचा असेल तर सामना सुरू झाल्यावर जा. दुकानं इतकी रिकामी असतात की कोथिंबीर निवडून घेता येते.

मैदानाला इथं ‘बिग हाऊस’ म्हणतात. १९२७ साली बांधलेलं, १,०७,६०१ माणसांचं. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आत-बाहेर, म्हणजे आख्खं गाव जवळजवळ त्यात मावावं. वानखेडे तीनदा भरेल एवढी माणसं. बाहेरून मात्र त्याचा अंदाज येत नाही, कारण निम्म्याहून जास्त मैदान जमिनीच्या खाली आहे. दारातून आत शिरलात की पायाखाली विहिरीच्या पायऱ्या उतरत जाव्यात तशा रांगा खाली जातात, आणि तळाशी हिरवा पट्टा दिसतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा नवऱ्याचा दंड धरला होता.

पुण्या-मुंबईच्या माणसाला यातलं एक काही केल्या पटत नाही. कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला लाखभर माणसं कशाला? आपल्याकडं आंतरमहाविद्यालयीन सामन्याला बारा प्रेक्षक, त्यातले चार राखीव खेळाडू. कोल्हापूरकराला समजावायला लागत नाही. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण विरुद्ध पाटाकडील असा पेठांचा फुटबॉल सामना असला की आमच्या घरी जेवणाची वेळ बदलायची. आबा बँकेतून हाफ डे टाकायचे. संघात कोण खेळतंय हा पुढचा प्रश्न, पेठ कुठली हा पहिला. इथं पेठेच्या जागी कॉलेज आहे, एवढाच फरक. बापानं शिकलेलं, आजोबांनी शिकलेलं, आणि कधी कधी घरात कुणीच न शिकलेलं.

खेळ थोडक्यात सांगते. याला फुटबॉल म्हणतात, पण पायाचा संबंध कमीच. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढं फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू दुसऱ्याला. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण, वर एक बोनस किक; लांबून किक मारून दांड्यांमधून घातला तर तीन. घड्याळात साठ मिनिटांचा सामना साडेतीन तास चालतो, कारण टीव्हीच्या जाहिराती. बाकीचं शेजारचा माणूस सांगतो. विचारून तर बघा, तो वाटच बघत असतो.

आता मास्तरांविषयी, म्हणजे कोच. आमचं पहिलंच वर्ष होतं. १७ नोव्हेंबर २००६, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ओहायो राज्यात, कोलंबसला, ओहायो स्टेट या हाडवैरी विद्यापीठाशी सामना. दोन्ही संघ वर्षभर न हरलेले, देशात एक आणि दोन नंबरवर. जेवायच्या सुट्टीच्या तोंडावर आमच्या ऑफिसात एकाएकी आवाज बंद झाला. पलीकडच्या टेबलावरचा साठीचा माणूस चष्मा काढून डोळे पुसत होता. मला वाटलं कंपनीचे मालक गेले. गेले होते बो शेम्बेकलर. १९६९ ते १९८९ मिशिगनचे कोच, १९४ विजय. निवृत्त होऊन सतरा वर्षं झालेला माणूस, आणि लोक घरातलं कुणी गेल्यासारखे बसलेले. दुसऱ्या दिवशी संघ ४२–३९ असा हरला. सोमवारी ऑफिसात सुतकच होतं.

त्याच बोंविषयी पुढचंही सांगायला हवं, कारण इथली जुनी माणसं तेवढं गाळतात. विद्यापीठाच्या एका डॉक्टरनं कित्येक वर्षं खेळाडूंवर लैंगिक अत्याचार केले, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. बोंना सांगूनही त्यांनी काही केलं नाही, असं २०२१ साली जुन्या खेळाडूंनी आणि खुद्द त्यांच्या मुलानं जाहीरपणे सांगितलं. २०२२ च्या जानेवारीत विद्यापीठानं ४९ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. पुतळा अजून उभा आहे. मी त्यासमोर फोटो काढत नाही. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण माहीत असू द्या.

माझा स्वतःचा पहिला सामना १ सप्टेंबर २००७ चा. शेजारचे आजोबा, ज्यांच्या ड्राइव्हवेतला बर्फ माझा नवरा काढून द्यायचा, त्यांनी दोन तिकिटं दिली. म्हणाले, सोपा सामना आहे, शिकायला बरा. समोर अ‍ॅपलाचियन स्टेट, खालच्या विभागातलं कॉलेज. मिशिगन देशात पाचवं. शेवटच्या काही सेकंदांत मिशिगन दोन गुणांनी मागं, आणि जिंकायला एक किक. किक मारली, आणि समोरच्यानं उडी घेऊन ती हातानं अडवली. ३४–३२. लाखभर माणसं गप्प झाली. एवढी माणसं गप्प बसली की खाली मैदानात पाहुण्या पोरांचा दंगा स्पष्ट ऐकू येतो. आणि मी, शहाणी, आजोबांना म्हणाले, “ते छोटं कॉलेज बरं खेळलं की!”

आजोबा गाडीपर्यंत बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, “वी लॉस्ट.” इंग्रजीत ही एक सोय आहे, किंवा गैरसोय. त्या ‘वी’ला आम्ही म्हणायचं की आपण, हे कळत नाही. आम्ही हरलो, तू बाजूला बस, असं? की आपण हरलो? घरी येईपर्यंत मी त्यावरच विचार करत होते. पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा तिकिटं आणून दिली तेव्हा माझं मला उत्तर मिळालं. त्या सामन्यातही सपाटून मार खाल्ला, पण ते असू दे.

तेव्हापासून नव्या लोकांना मी हेच सांगते. पहिल्या दिवशी टोपी घालून ‘आपण जिंकलो’ करत सुटू नका. एक तरी पराभव त्यांच्या शेजारी बसून सोसा, मग कोचला शिव्या घालायचा परवाना मिळतो. तोवर ‘गो ब्लू’ पुरतं. लिफ्टमध्ये, विमानतळावर, दवाखान्यात, कुणीही म्हटलं की उलट तेच म्हणायचं, रामरामासारखं.

माझा परवाना जुना आहे, तेव्हा चार मतं देते. २००८ ते २०१० रिच रॉड्रिगेझ होते. पहिल्याच वर्षी ३ विजय, ९ पराभव. माणसाला गावानं पहिल्यापासून जावयासारखं सोडा, भाडेकरूसारखंही वागवलं नाही. पण त्यांनी आणलेला डेनार्ड रॉबिन्सन माझा सगळ्यात लाडका खेळाडू. बुटाच्या नाड्या बांधायचा नाही, तसाच पळायचा. सप्टेंबर २०११ मध्ये बिग हाऊसवर पहिल्यांदा रात्रीचा सामना झाला, नोटर डेमशी. रॉबिन्सननं शेवटचा पास टाकला तेव्हा घड्याळात दोन सेकंद उरले. ३५–३१. त्या रात्री माझा आवाज बसला तो मंगळवारी आला. त्या वेळी कोच ब्रेडी होक होते. त्यांचं पहिलं वर्ष झकास गेलं, मग दरवर्षी थोडं थोडं खाली.

जिम हार्बो २०१५ ला आले. बोंच्याच हाताखाली खेळलेले, घरचा मुलगा. २०२० साली २ विजय, ४ पराभव झाले तेव्हा मी जाहीर सांगत होते, पाठवा याला घरी. पुढच्या नोव्हेंबरात बर्फ पडत असताना ओहायो स्टेटला ४२–२७ नं झोपवलं, हसन हॅस्किन्सनं पाच टचडाउन केले. २०११ नंतर दहा वर्षांनी ओहायोवर विजय. मी माझे शब्द गुळासारखे गिळले. मग २०२२, २०२३ लाही ओहायोला हरवलं, आणि ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४–१३ नं हरवून राष्ट्रीय विजेतेपद. पण त्याच हंगामात प्रतिस्पर्धी कोच खेळाडूंना करतात त्या खुणा चोरण्याचं प्रकरण निघालं आणि शेवटचे तीन साखळी सामने हार्बोंना मैदानाबाहेर बसावं लागलं. इथले लोक म्हणतात, सगळेच करतात. मी म्हणते, पेठेतही हेच म्हणायचे. विजेतेपदानंतर महिना सरायच्या आत ते व्यावसायिक फुटबॉलकडं गेले. बरोबर वेळी उठून गेलेला पाहुणा.

पण अ‍ॅन आर्बरमधला सगळ्यात थोर कोच कोण, असं विचाराल तर माझं उत्तर ऐकून फुटबॉलवाले नाक मुरडतात. कॅरल हचिन्स. सॉफ्टबॉलच्या कोच, १९८५ ते २०२२, हजारावर विजय. २००५ ला त्यांच्या पोरींनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. लेकीला घेऊन मी वसंतातल्या त्या सामन्यांना जायचे. तिकीट फुटबॉलच्या मानानं किरकोळ, बसायला जवळ, आणि हचिन्सबाई नुसत्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या तरी पोरी सरळ व्हायच्या. नवीन आलात, पैसे जपून वापरायचेत, तर तिथून सुरुवात करा. नाहीतर योस्ट अरीनात आइस हॉकी बघा.

पैशांवरून आठवलं. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, आणि २०२५ पासून कॉलेजंही त्यांना थेट पैसे देतात. जुने लोक हळहळतात. मला काही वाईट वाटत नाही. लाख माणसांची तिकिटं कुणाच्या गुडघ्यांवर विकली जात होती? फक्त एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या खेळाडूची पंचाईत होते, त्या व्हिसावर कमाईला मोजकीच मुभा असते. कोर्सभर तासांचा हिशोब ठेवून लायब्ररीत नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांना हे लगेच कळतं.

मैदानात जाणार असाल तर गाडी पायोनिअर हायस्कूलच्या आवारात नाहीतर कुणाच्या तरी अंगणात लावा. हो, अंगणात. आसपासचे लोक हिरवळीवर गाड्या लावू देतात आणि पैसे घेतात. शाळकरी पोरगं पुठ्ठ्याचा फलक धरून रस्त्यात उभं असतं. तोच पुठ्ठा नोव्हेंबरात तुम्हीही न्या, पायाखाली टाकायला. खाली काँक्रीट, बसायला अ‍ॅल्युमिनियमचा बाक, बूट कितीही भारी असला तरी थंडी तळव्यातून चढते. माझ्या आईनं पाठवलेली घोंगडी मी दुमडून बाकावर टाकते. आजूबाजूचे विचारतात कुठं मिळते. मी सांगते, कोल्हापूर.

आणि कपड्यांचा रंग. ओहायोच्या सामन्याच्या आठवड्यात लाल टाळा, तो त्यांचा रंग. मी पहिल्या वर्षी, नेमकी बो गेले त्या शुक्रवारी, लाल स्वेटर घालून ऑफिसला गेले होते. वर सांगितलेल्या सुतकात. कुणी काही बोललं नाही, पण एका बाईनं स्वतःचं निळं जाकीट आणून माझ्या खांद्यावर टाकलं. मला वाटलं, तिला वाटतंय मला थंडी वाजतेय. तिकडं ओहायोतही कमी नाहीत. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरचं ‘एम’ अक्षर चिकटपट्टीनं खोडतात. हिरवा रंग मिशिगन स्टेटचा, म्हणजे ईस्ट लॅन्सिंगच्या दुसऱ्या विद्यापीठाचा, तो वर्षभर जपून. आमच्या ओळखीत एका घरात थोरला अ‍ॅन आर्बरला आणि धाकटी ईस्ट लॅन्सिंगला. २०१५ च्या त्या सामन्यात दहा सेकंद उरलेले, मिशिगन पुढं, आणि किक मारणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला तो स्टेटच्या पोरानं नेऊन टाकला. २७–२३. थोरला दिवाळीपर्यंत बहिणीशी धड बोलत नव्हता. भाऊबीजेला ओवाळून घेतलं, पण ताटात घातलं काय, तर मिशिगनचा कीचेन.

ओहायोचा सामना थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, बहुतेक दुपारी बाराला असतो. तिकीट परवडत नाही, म्हणून आमच्याकडं टीव्हीवर बघतो. नवीन आलेल्यांनी यायचंच, बोलावण्याची वाट बघू नका. अकरापर्यंत या, बूट दाराबाहेर, फरसाण कुणीतरी आणा. लाल काही घालून येऊ नका. त्या दिवशी आमच्या घरात लाल चालतो तो फक्त मिसळीचा कट.