साप्ताहिकाचा इतिहास आणि ध्येयधोरण कसे लिहावे

छोट्या गावातील साप्ताहिकाचा इतिहास लिहायला घेताना वर्धापनदिनाच्या भाषणांआधी जुन्या अंकांचे बाड समोर घ्यावे, कारण आठवणींमध्ये संस्थापक मोठे होत जातात आणि बंद पडलेले महिने गळून जातात. पहिला अंक हाती लागला, तर त्यातील अग्रलेख जसाच्या तसा उतरवून ठेवावा; साप्ताहिक कशासाठी निघाले, हे नंतर इतक्या स्पष्टपणे क्वचितच लिहिले जाते.

पुढचे काम चिकाटीचे आहे. प्रत्येक अंकावरील क्रमांक तारखेशी ताडून पाहावा. वर्षाला साधारण 52 अंक निघायला हवेत. क्रमांक सलग असूनही तारखांमध्ये दोन-तीन महिन्यांची उडी दिसली, तर त्या काळात साप्ताहिक बंद होते असे समजावे. तारखांबरोबर क्रमांकही पुढे गेले असतील, तर अंक निघाले होते, पण आपल्या संग्रहात ते नाहीत. बंद पडण्याचे कारण कागदाची टंचाई होते, कर्ज होते की संपादकाचे आजारपण, हे शोधण्यासाठी वाटेल तितका वेळ द्यावा, कारण साप्ताहिकाचे खरे चरित्र मला तरी तिथेच दिसते. मालकी आणि छापखाना केव्हा बदलला, हे मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीवरून कळते.

वृत्तपत्राच्या कागदात लाकडाच्या लगद्यातील लिग्निन असल्याने तो पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून बांधीव खंड यंत्रावर दाबून झेरॉक्स न काढता वरून छायाचित्रे घ्यावीत. छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरे) जुळवणारे, अंक वाटणारे आणि वर्गणी गोळा करणारे यांच्याशी बोलताना त्या काळातला एखादा अंक त्यांच्या हाती द्यावा.

ध्येयधोरण सर्वांत शेवटी लिहावे. दर दशकातील एका महिन्याचे अंक काढून स्थानिक कारभाराची वृत्ते, वाचकांची पत्रे, मृत्युवार्ता आणि जाहिराती यांना किती जागा मिळाली, ते मोजावे. ‘आम्ही सत्याची कास धरतो’ हे वाक्य वाचकाला पडताळता येत नाही. ‘स्थानिक संस्थेच्या प्रत्येक सभेचे वृत्त पुढच्याच अंकात देतो आणि चुकीची दुरुस्ती ठळकपणे छापतो’ हे पडताळता येते. असे एखादे आश्वासन अलीकडच्या अंकांत पाळलेले आढळले नाही, तर ते मसुद्यातून काढावे, किंवा आधी ते काम सुरू करून मगच लिहावे.