बुद्धिबळात समोर आपल्यापेक्षा ४०० रेटिंग जास्तवाला आला तर डाव कसा खेळायचा

स्विस लीगच्या (कोणी बाद होत नाही, गुणांवरून जोड्या लागतात अशी स्पर्धा) पहिल्या राउंडला रेटिंगप्रमाणे वरची अर्धी यादी विरुद्ध खालची अर्धी अशीच पेअरिंग लागते, त्यामुळे हे कधी ना कधी होणारच. आधी हिशोब बघा. फिडेच्या (बुद्धिबळाची जागतिक संघटना) टेबलप्रमाणे ४०० च्या फरकाला तुमच्याकडून अपेक्षा फक्त ०.०८ पॉइंटची असते, म्हणजे के-फॅक्टर (रेटिंग किती वेगाने बदलेल ते ठरवणारा आकडा) २० असला तर हरल्यावर १.६ रेटिंग जातं आणि ड्रॉ काढला तर ८.४ मिळतं. टेन्शन त्याने घ्यायचं, तुम्ही कशाला घेताय?

सगळ्यात वाईट सवय म्हणजे ड्रॉच्या आशेने दिसेल ती मारामारी (मोहऱ्यांची अदलाबदल) करून पट रिकामा करत सुटणं. अहो एंडगेममध्येच (थोड्या मोहऱ्या उरलेला शेवटचा भाग) तर तो तुमच्यापेक्षा जास्त भारी असतो! वजीर उतरले की तो निवांत पन्नास चाली तुम्हाला पिळत बसतो, आणि प्रत्येक एक्सचेंजला तुमचं एखादं प्यादं कमजोर होत जातं ते कळतही नाही. मारामारी करायचीच तर आपला बेकार उंट देऊन त्याचा चांगला घोडा घ्या, उगाच नको.

ओपनिंग रोजचंच खेळा, आदल्या रात्री व्हिडिओ बघून नवीन काही काढू नका. त्याने झटपट चाल केली म्हणून तुम्हीही झटपट करायची नसते, ९० मिनिटं प्लस दर चालीला ३० सेकंद असेल तर वेळ भरपूर असतो, फक्त शेवटच्या क्रिटिकल चालींसाठी थोडा राखून ठेवा. आणि त्याने प्यादं फुकट सोडलं तर ट्रॅपच असेल असं धरून सोडून देऊ नका, नीट कॅल्क्युलेट करा आणि काही दिसलं नाही तर सरळ खा. मोठे प्लेअरही ब्लंडर करतात की.

पोझिशन बिघडली तर गुंता वाढवा, राजावर काहीतरी घेऊन जा, नुसतं बचाव करत बसलात तर हळूहळू मरणारच. प्यादं कमी पण विरुद्ध रंगाचे उंट (एकाचा काळ्या घरांतला, दुसऱ्याचा पांढऱ्या), यात ड्रॉची चांगली आशा असते, हे मिळत असेल तर मात्र डोळे झाकून नाही पण आनंदाने घ्या. हत्ती-प्यादं विरुद्ध हत्तीचा फिलिडॉर बचाव तर पाठच पाहिजे: तुम्ही काळे, राजा प्याद्याच्या समोर, हत्ती पांढऱ्याच्या बाजूने मोजून सहाव्या ओळीवर, आणि पांढऱ्याचं प्यादं सहावीला आलं की लगेच हत्ती पहिल्या ओळीला नेऊन मागून शह.

ड्रॉ मागायचा तर आधी चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. एकदा नाही म्हणाला की परत परत विचारू नका, आर्बिटरकडे (पंचाकडे) तक्रार जाते.