समुद्रातली पहिली डाइव्ह: या चुका टाळा

पहिल्यांदा समुद्रात उतरणारा हमखास शार्कबद्दल विचारतो. कानांबद्दल कोणी विचारत नाही. आणि घात होतो तो कानांमुळेच, तेही पहिल्या पाच-सात मीटरांत.

पाण्याच्या वर दाब एक बार, १० मीटरवर दोन बार. म्हणजे कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतली हवा पहिल्या १० मीटरांतच निम्मी आक्रसते. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं ते डोकं पाण्याखाली गेल्या गेल्या. मी बोटीवरच एकदा करून बघतो आणि उतरताना दर हातभर अंतराला करतो. दुखायला लागल्यावर फुंकणं म्हणजे उशीर झाला. कानातून घशाकडे जाणारी नळी तोवर दाबाने मिटलेली असते. तेव्हा जोर लावू नका. मीटरभर वर या, पुन्हा बघा. नाहीच जमलं तर सरळ बोटीवर.

एकदा माझ्यासोबत उतरलेल्या एका गड्याने सर्दी लपवली होती. सकाळी नाक मोकळं करणारी गोळी घेतली आणि गप्प बसला. चार मीटरवर त्याचे डोळे आक्रसलेले दिसले. मी विचारलं, ठीक? त्याने बोटांचं वर्तुळ करून दाखवलं, ठीक. बाकीचे तळाशी पोचले होते ना, मग हा कसा मागे राहील! सात मीटरवर त्याने दोराला मिठीच मारली. पडदा फाटून गार पाणी आत गेलं होतं आणि वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. चक्कर ओसरेपर्यंत मी त्याचा जॅकेटचा पट्टा सोडला नाही. बोटीवर मास्क काढला तर आत रक्त. पुढे कित्येक आठवडे त्याने कानाला पाणी लागू दिलं नाही.

बरं, गोळीचा असर पाण्याखालीच उतरला तर? मग वर येताना कानात हवा अडकते, आणि तेव्हा पळायला जागा नसते. मला सर्दी असली की मी जात नाही. भरलेले पैसे गेले तर गेले.

दुसरी चूक याहून भयंकर, पण सांगायला सोपी: श्वास रोखणं. हवा वाचवायची म्हणून लोक रोखतात. १० मीटरवर भरून घेतलेली छाती वर येईतो दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला इजा व्हायला मीटर-दीड मीटरची उसळीही पुरते. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, अखंड. घाबरलात तरी. वर येताना मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेग नको आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. ‘आता वरच तर जायचंय’ म्हणून हे टाळणाऱ्याला मी पुन्हा सोबत घेत नाही.

खाली जाण्यासाठी अंगावर बांधायची वजनं: ‘खाली जात नाही, अजून दोन किलो द्या’ हे रोजचंच. बहुतेक वेळा वजन पुरेसं असतं. माणूस छाती फुगवून, पाय मारत बसलेला असतो. पूर्ण श्वास सोडा, पाय स्थिर ठेवा. मात्र टाकी रिकामी होता होता दोनेक किलोंनी हलकी होते, तेवढं वजन आधीच जास्तीचं धरा.

अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. मासा आवडला म्हणून अंगठा दाखवाल तर डाइव्ह तिथेच संपेल.

मास्क धुरकट होतो? थुंका, चोळा, विसळा. किळस वाटत असेल तर न दिसणारा समुद्र बघा.

टाकीतली हवा दाखवणाऱ्या काट्याकडे प्रशिक्षक बघेल असं धरू नका. ५० बार उरले असताना तुम्ही वर असायला हवं, निघायला नव्हे.

कॅमेरा पहिल्या डाइव्हला नको. का, ते दुसऱ्या डाइव्हला कळेल.

आणि परतीचं विमान: एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १२ तास थांबा, बऱ्याच डाइव्ह झाल्या असतील तर १८. तिकीट काढतानाच हे मोजा. शेवटच्या दिवशी ‘एक छोटीशी करून जाऊ’ म्हणणारे मला दर मोसमात भेटतात.