'चार्ज'चा नेमका अर्थ कसा ओळखायचा

मोबाईल चार्ज होतो, पार्सलवाला पॅकिंग चार्ज लावतो, नवीन साहेब चार्ज घेतात, पोलीस लाठीचार्ज करतात आणि कोर्टात चार्जशीट जातं. बोलताना यातलं काहीच अडत नाही, अडतं ते इंग्रजी उतारा वाचताना किंवा भाषांतर करायला बसल्यावर, कारण डिक्शनरी उघडली की एकाखाली एक इतके अर्थ येतात की मुलं त्यातला पहिला उचलतात आणि वाक्याची पार वाट लागते. स्पर्धा परीक्षावाल्यांनी तर हा शब्द एकदा नीट बसवूनच घ्यावा, फार वेळ लागत नाही.

आधी मूळ बघा. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला, आणि त्याचा जुना अर्थ गाडीवर माल लादणे. म्हणजे भार. आणि गंमत म्हणजे आपल्या मराठीत पण हाच भार ठिकठिकाणी बसलाय, फिजिक्समध्ये विद्युतभार, ऑफिसात पदभार आणि कार्यभार, टॅक्समध्ये सरचार्जला अधिभार, आणि एखाद्या सभेचं वातावरण चार्ज्ड असेल तर आपण भारलेलं म्हणतो. सुरुंगात ठासलेली दारू, तिलाही इंग्रजीत चार्जच म्हणतात. त्यामुळे कुठेही अडलात तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की इथे कोणावर काय लादलंय? पैसे, काम, गुन्हा की वीज?

दुसरी गोष्ट जास्त कामाची, चार्जच्या पुढे कुठला छोटा शब्द आलाय ते बघायचं. पुढे 'फॉर' असेल तर बहुतेक पैशाचीच गोष्ट, 'दे चार्ज्ड मी फॉर पार्किंग' म्हणजे पार्किंगचे पैसे घेतले. 'ॲट' असेल तर अंगावर धावून येणं, 'द बायसन चार्ज्ड ॲट द जीप' म्हणजे गवा जीपवर धावून आला, इथे गव्याने आरोप बिरोप काही केलेला नाही. 'फ्री ऑफ चार्ज' म्हणजे फुकट, ते सगळ्यांना माहितीये.

खरी गडबड 'विथ'ला होते. 'ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट' म्हणजे त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला. पण आता हे बघा, 'द ड्राफ्टिंग कमिटी वॉज चार्ज्ड विथ प्रिपेअरिंग द कॉन्स्टिट्यूशन'. २९ ऑगस्ट १९४७ ला संविधान सभेने मसुदा समिती नेमली, बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले, आणि वाक्याचा अर्थ आहे की घटना तयार करण्याची जबाबदारी या समितीवर सोपवली. इथे कोणी 'आरोप' लिहिलं तर केवढा अनर्थ होईल बघा! म्हणून 'विथ'च्या पुढे गुन्हा आहे की काम आहे एवढं तपासायचं, गुन्हा असेल तर आरोप, काम असेल तर जबाबदारी.

अजून एक बारीक जागा आहे जी परीक्षेत हमखास चुकते. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द बेबी' म्हणजे बाळ नर्सच्या ताब्यात आहे, आणि 'द बेबी इज इन द चार्ज ऑफ द नर्स' याचाही अर्थ तोच! फरक एवढाच की 'द' नसेल तर वाक्यात आधी येतो तो सांभाळणारा, आणि मधला तो एक 'द' आला की आधी येतो तो ज्याला सांभाळतायत तो. मोठ्याने दोनचार वेळा वाचा, कानाला सवय झाली की मग चुकत नाही.

शेतकऱ्यांच्या घरातल्यांनी बँकेचा अर्थ मात्र नक्की समजून घ्या. कर्जाच्या इंग्रजी कागदावर 'चार्ज ऑन द लँड' असं असतं ना, तोच सातबाऱ्यावर इतर हक्कात चढलेला बोजा. आता या चार्जचा आणि प्रोसेसिंग चार्जेसचा काही संबंध नाही, प्रोसेसिंगचे पैसे एकदा भरले की विषय संपतो, पण बोजा कर्ज फिटल्यावरही आपोआप उतरेलच असं नाही, बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन तलाठ्याकडे द्या आणि फेरफार होऊन तो कमी झालाय का ते नवीन सातबारा काढून स्वतः बघा. जमीन विकायच्या वेळी हे कळलं तर फार धावपळ होते.

कोर्टाच्या बातम्या वाचताना पण दोन गोष्टी वेगळ्या धरा. चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र, ते तपास करून पोलीस दाखल करतात. चार्ज फ्रेम करणं म्हणजे आरोप निश्चिती, ते कोर्ट करतं आणि मग खटला चालतो. चार्जशीट गेलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतं, ते साफ चूक आहे आणि त्याने माणसाची नाहक बदनामी होते.

आता डिस्चार्ज. भार उतरला, की झालं. पेशंटला दवाखान्यातून घरी सोडतात तो डिस्चार्ज, बॅटरी उतरते तो पण, आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात त्याचा आकडा क्युसेकमध्ये येतो, त्याला मराठी बातम्यांत विसर्ग म्हणतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. कोर्टातला डिस्चार्ज मात्र जपून वापरा. खटला चालवण्याइतकं काही नाही असं आधीच दिसलं आणि कोर्टाने सोडलं तर तो डिस्चार्ज, मराठीत आरोपमुक्त. पूर्ण खटला चालून सुटला तर ते ॲक्विटल, म्हणजे निर्दोष मुक्तता. बातम्यांत दोन्हीला सरसकट 'निर्दोष सुटका' लिहिलेलं दिसतं, तेव्हा भाषांतर करताना मूळ इंग्रजीत कुठला शब्द आहे ते बघूनच लिहा.