ट्रक कॅम्पर घेऊन वाळूत: पाद्रे आयलंडच्या किनाऱ्यावर सुरक्षित मुक्काम कसा करावा

टेक्ससमध्ये कॉर्पस क्रिस्टीच्या दक्षिणेला पाद्रे आयलंड नॅशनल सीशोअर आहे. 1962 मध्ये संरक्षित झालेल्या या बेटावर मालाकीट व्हिजिटर सेंटरच्या अलीकडे-पलीकडे डांबरी रस्ता संपतो आणि पुढे मॅन्सफिल्ड चॅनेलपर्यंतचे सुमारे 60 मैल पुळण हाच रस्ता असतो. पहिले 5 मैल साध्या गाड्याही जातात. 5 मैलांच्या खांबापुढे फोर व्हील ड्राइव्ह लागते. पुढे पेट्रोल नाही, पाणी नाही आणि फोनची रेंजही भरवशाची नाही. ह्यूस्टन, ऑस्टिन किंवा सॅन अँटोनिओत राहणाऱ्या आपल्या लोकांना हा किनारा एका दिवसाच्या टप्प्यात आहे. अलीकडे पिकअपच्या हौद्यात कॅम्पर (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली छोटी खोली) बसवून इथे मुक्कामाला येणारी मराठी कुटुंबंही दिसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि सुट्टीत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठीही.

कॅम्पर लादलेला पिकअप आणि रिकामा पिकअप या वाळूवर दोन वेगळ्या गाड्या असतात. रिकाम्या जीपवाल्याचा सल्ला तुम्हाला लागू पडेलच असं नाही. इथल्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाचं मूळ वजनात आहे, म्हणून सुरुवात वजनापासूनच करू.

घरून निघण्यापूर्वी: वजनाचा हिशेब

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या पट्टीचं लेबल दिसतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील हे त्यावर लिहिलेलं असतं. तोच तुमचा पेलोड. जाहिरातीतला आकडा सोडून द्या, कारण तो त्या मॉडेलच्या सर्वात हलक्या गाडीचा असतो.

समजा, लेबलवर 3,600 पौंड आहेत आणि कॅम्परचं कोरडं वजन 2,600. हजार पौंड शिल्लक दिसतात. आता 30 गॅलन पाणी भरा. गॅलनमागे 8.34 पौंड, म्हणजे 250 पौंड झाले. गॅस 40, चौघांचं कुटुंब 500, आणि अंथरुणं, भांडी, खाणं, खुर्च्या, अवजारं मिळून सहज 400. बेरीज 3,790 होते. घराबाहेर पडण्याआधीच 190 पौंड जास्त! शिवाय विक्रेत्याने बसवलेला एसी, बाजूला पसरणारं छत, जादा बॅटरी हे 'कोरड्या' वजनात बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

म्हणून सगळं भरून, सगळ्यांना बसवून, महामार्गावरच्या ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर गाडी एकदा चढवा. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं मिळतं. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा त्याच्या मर्यादेला टेकत असेल तर वाळूत जाऊ नका, सामान कमी करा. वर बसणारं जड सामान खाली आणा. पाण्याची टाकी मात्र या किनाऱ्यासाठी भरूनच न्यावी लागते, कारण 60 मैलांत नळ नाही. तेव्हा कपात बाकी सामानात करायची.

मागे दुहेरी चाकं असलेला ट्रक भार उत्तम पेलतो, पण मऊ वाळूत मला तो पसंत नाही. पुढच्या चाकांनी दाबून दिलेल्या चाकोरीत मागची चारही चाकं बसत नाहीत. बाहेरच्या चाकांना कोरी वाळू नव्याने फोडत जावं लागतं. असा ट्रक असेल तर पहिल्या 5 मैलांतच चांगली जागा शोधा.

कॅम्पर हौद्याला ज्या ताणपट्ट्यांनी बांधलेला असतो त्या बंपरऐवजी चासीला जोडलेल्या हव्यात. निघाल्यावर 10-15 मैलांनी थांबून त्या पुन्हा तपासा. नवा कॅम्पर हौद्यात बसतो आणि पट्ट्या ढिल्या पडतात. कोपऱ्यांचे चार जॅक काढता येत असतील तर काढून घरी ठेवा. तेवढं वजन वाचतं आणि खड्ड्यात तेच सर्वात आधी टेकतात. निघण्याआधी गॅस सिलिंडरचा कॉक बंद, फ्रिजच्या दाराला कडी, छतावरची खिडकी खाली.

कच्च्या रस्त्यावर

पाद्रेवर डांबर संपून थेट वाळू लागते, पण कुठल्याही कच्च्या रस्त्यावर कॅम्परवाल्याने तीन गोष्टी डोक्यात ठेवायच्या: उंची, मागचा लोंबता भाग आणि कलणं. फांदी काचेला लागणार नाही एवढं पाहून चालत नाही, डोक्यावरचा पलंगाचा भाग आणि एसी त्याहून बराच वर असतो. सोबतच्या माणसाने उतरून बघावं. नाल्यातून वर चढताना कॅम्परची मागची कड जमिनीला घासते, म्हणून चढ सावकाश घ्या. सर्वात धोक्याचा आडवा उतार. चढ-उतार सरळ रेषेत घेता येतो, पण डोंगराच्या कुशीला तिरकं चालताना वरचं वजन गाडीला खालच्या बाजूला ओढतं. शंका आली की मागे फिरा. त्यात कमीपणा काही नाही.

वाळूच्या तोंडाशी: हवा सोडा

हे पाऊल गाळल्यामुळेच बहुतेक गाड्या रुततात. टायरमधली हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, तेच वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि चाक खणण्याऐवजी वर तरंगत राहतं.

किती सोडायची? हलक्या गाड्या 18-20 पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) येतात, पण तुमच्या मागच्या अ‍ॅक्सलवर दोन-तीन हजार पौंड जादा आहेत. महामार्गावर मागे 70-75 आणि पुढे 60 ठेवत असाल तर आधी निम्म्यावर या: मागे 35-38, पुढे 30. गाडी थोडी चालवून बघा. इंजिन ओढताना कण्हतंय, चाकोरी खोल पडतेय असं दिसलं तर आणखी 4-5 कमी करा. 25 च्या खाली लादलेला कॅम्पर न्यायला मी सांगणार नाही. टायरची भिंत तापते आणि वळणावर टायर रिमवरून सुटायची भीती असते. हवा कमी असेल तोवर वेगही कमीच हवा. परतताना डांबरावर येताच आधी हवा भरायची, त्यामुळे 12 व्होल्टचा दमदार पंप आणि कमी दाब नीट दाखवणारा गेज सोबत हवाच.

पाणी कुठवर येईल

मुंबई-अलिबागकडे वाढलेल्यांच्या डोक्यात भरती-ओहोटीचं एक गणित पक्कं असतं: उधाणाला चार मीटरच्या आसपास पाणी चढतं-उतरतं आणि पंचांगातली तिथी पाहून वेळ सांगता येते. मेक्सिकोच्या आखातात ते गणित चालत नाही. इथली भरती जेमतेम अर्ध्या मीटरची. पण पुळण इतकी सपाट आहे की तेवढंही पुरतं, आणि खरी सत्ता वाऱ्याची असते. समुद्रावरून जोराचा वारा सतत लागला, किंवा दूर आखातात वादळ असलं, की तक्त्यात ओहोटी लिहिलेली असताना पाणी वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याला लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी एरवीपेक्षा वर असतं. भरतीच्या तक्त्याबरोबर वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज बघा आणि आत जाण्यापूर्वी व्हिजिटर सेंटरमधल्या रेंजरना किनारा आज कसा आहे ते विचारा. ते खालपर्यंत फिरलेले असतात.

ओहोटी सुरू होताना आत शिरा. म्हणजे पुढचे काही तास घट्ट, ओलसर पट्टा तुम्हाला मिळत राहतो.

गाडी चालवताना

वाळू लागण्यापूर्वीच फोर व्हील टाका, रुतल्यावर नको. घट्ट वाळूत फोर-हाय (नेहमीच्या वेगाचा गिअर) पुरतं, शिंपल्यांच्या भुसभुशीत पट्ट्यात फोर-लो (कमी वेग, जास्त ताकद). बऱ्याच ट्रकमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं लागतं, नाहीतर चाक जरा घसरलं की ते इंजिनाची ताकदच कापतं आणि गाडी नको तिथे थांबते.

भरतीच्या रेषेखालचा ओलसर पट्टा धरा, पण लाटेत चाक घालू नका. खारं पाणी ब्रेकला आणि चासीला खातं, आणि लाट परतताना चाकाखालची वाळू घेऊन जाते. आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या मिळाल्या तर त्यांतूनच जा. वेग एकसारखा, वळणं मोठी. थांबायचं तर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेकने चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना आधी तोच ओलांडावा लागतो. शक्य तिथे तोंड उताराकडे करून उभे राहा.

लिटल शेल आणि बिग शेल या मधल्या भागांत वाळूऐवजी शिंपल्यांचा चुरा आहे. तो खोल, सुटा आणि दगाबाज असतो. जड कॅम्पर घेऊन पहिल्या भेटीत तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्याने तर नाहीच, दुसरी गाडी सोबत हवी. वाहून आलेले ओंडके आणि खिळ्यांच्या फळ्याही वाटेत असतात, म्हणून अंधारात गाडी हलवू नका.

टेक्ससमध्ये हा किनारा सार्वजनिक रस्ता मानला जातो. नंबरप्लेट, विमा, सीटबेल्ट, वेगमर्यादा सगळं लागू. टेकड्यांवर गाडी नेणं पूर्ण बंद आहे. त्यांवरचं गवत मेलं की टेकडी वाऱ्याने उडते.

कासवांचा हंगाम

एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत इथे केम्प्स रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळास-आंजर्ल्याला येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेची ही सख्खी बहीण, आणि जगातल्या सागरी कासवांत सर्वात संकटात असलेली. बहुतेक कासवं रात्री येतात, ही मात्र दिवसाढवळ्या येते, बऱ्याचदा वारं असतानाच. रंग वाळूत चटकन नजरेत न भरणारा. चाकोरीच्या खळग्यात बसलेली असली तर उंच ट्रकमधून ती दिसतसुद्धा नाही. या दिवसांत वेग अगदी कमी ठेवा आणि शेजारच्या माणसाला फक्त पुढची वाळू बघायचं काम द्या. कासव किंवा त्याच्या खुणा दिसल्या तर दूर थांबा, हात लावू नका, खूण मोडू नका, आणि कासवांसाठी गस्त घालणाऱ्या गाडीला किंवा उद्यानाच्या कार्यालयाला जागा कळवा.

रुतलात तर

चाक जागच्या जागी फिरायला लागलं त्याच क्षणी पाय काढा. आणखी दोन सेकंद दाबलं की अ‍ॅक्सल वाळूवर बसतो आणि मग हे वजन उचलणं कठीण. उतरा आणि या क्रमाने जा:

1. सगळ्यांना बाहेर काढा. लाट जवळ असेल तर घाई तिथेच करायची, एरवी नाही.
2. लांब दांड्याच्या फावड्याने चारही चाकांपुढची आणि अ‍ॅक्सलखालची वाळू काढा. उतार हळूहळू वर येणारा हवा.
3. हवा आणखी 5 पीएसआय सोडा. फक्त बाहेर पडण्यापुरती.
4. चाकांखाली वाळूच्या पाट्या (चाकाला पकड देणाऱ्या लांब फळ्या) घट्ट रोवा आणि फोर-लोमध्ये हळूच निघा. आलेल्याच चाकोरीने मागे जाणं बहुतेकदा सोपं पडतं.
5. जॅक लावायचा तर खाली दोन फूट चौरस जाड प्लायवूड ठेवा, नाहीतर जॅकच वाळूत जातो.

दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर दोर चासीच्या पक्क्या हुकलाच बांधा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही. तो तुटून उडाला तर समोरच्याचा जीव घेतो, अशी माणसं गेली आहेत. दोर ताणलेला असताना बाकी सगळे त्याच्या लांबीच्या दीडपट दूर.

मुक्काम आणि परतणं

प्रवेश शुल्काबरोबर मुक्कामाचा परवाना घ्या. टेकड्यांच्या पायथ्याशी, पण टेकडीवर न चढता, गाडी लावा आणि पुढून येणाजाणाऱ्यांना वाट मोकळी ठेवा. आधी उतरून वाळलेल्या समुद्री गवताची सर्वात वरची रेष कुठे आहे ते बघा. अलीकडे पाणी तिथवर आलं होतं. त्याच्या वर राहायचं, तोंड निघायच्या दिशेला. भांड्यांचं पाणी वाळूत सोडायचं नाही, ते टाकीतच. किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखे पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर नावाचे जेलीफिशसारखे जीव पडलेले असतात, ते मेल्यावरही डसतात, तेव्हा मुलांना आधीच दाखवून ठेवा.

हे सगळं इथे चालतं म्हणून गावी गेल्यावर करू नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं गुन्हा आहे, आणि कोकणातल्या पुळणींवर रुतलेल्या गाड्या भरतीत गेल्याच्या बातम्या दर सुट्टीत येतात.

परत आल्यावर आधी टायर भरा आणि त्याच दिवशी गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने खळखळून धुवा: चासी, ब्रेक, स्प्रिंगच्या पानांमधल्या फटी आणि खाली टांगलेलं जादा चाक. कॅम्पर उतरवलात तर हौद्याच्या कडांत आणि ताणपट्ट्यांच्या बोल्टांत अडकलेली वाळूही काढा. ती ओल धरून ठेवते आणि पुढच्या वेळी बोल्ट गंजून सुटत नाहीत.