चालू कामात दरवाढ मागायची तर बिल्डरशी कसं बोलावं

‘मटेरियल १५ टक्क्यांनी वाढलंय, रेट वाढवून द्या,’ एवढंच म्हटलं की बिल्डर हमखास नाही म्हणतो. त्याची बाजूही समजून घ्या. बरीचशी घरं त्याने ठरलेल्या भावात आधीच विकलेली असतात, बँकेला खर्चाचा अंदाज देऊन ठेवलेला असतो. नेमके किती पैसे जास्त लागणार आणि ही मागणी पुन्हा येणार का, हेच कळत नसेल तर तो हो कशाच्या जोरावर म्हणणार? बिल्डरकडून कामाचा एखादा भाग घेणाऱ्या नव्या सब-कॉन्ट्रॅक्टरने फोन उचलण्याआधी कागद-पेन घ्यावं ते यासाठी.

पहिल्यांदा वर्क ऑर्डर शब्दन् शब्द वाचा. ‘दर काम पूर्ण होईपर्यंत स्थिर’ असं लिहिलं असेल तर तुमची मागणी हक्काची नाही, विनंतीची आहे. भाषाही तशीच ठेवा. भाववाढीचं कलम असेल तर सूचना किती दिवसांत द्यायची ते शोधा. मोठ्या कामांवर फिडिकच्या, म्हणजे सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नमुन्याचे करार भेटतात. त्याच्या १९९९ च्या रेड बुकात (बांधकामाच्या नमुना करारात) कलम १३.८ मध्ये मजुरी, यंत्रसामग्री आणि साहित्य यांच्या निर्देशांकांवरून दर बदलण्याचं सूत्र आहे, पण सोबतचा तक्ता भरलेला असेल तरच ते लागू होतं. कंत्राटदाराच्या दाव्याची सूचनाही त्यात २८ दिवसांत द्यावी लागते. तुमचा करार साधा दोन पानी असला तरी अशी एखादी मुदत त्यात दडलेली असू शकते.

आता हिशोब. सगळा खेळ इथेच आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवू. काम १,००० चौरस मीटर, दर प्रति चौरस मीटर १०० रुपये. त्यात मुख्य मटेरियल ४०, इतर मटेरियल १५, मजुरी ३०, वाहतूक आणि हत्यारं ६, ऑफिस खर्च आणि नफा मिळून ९. मुख्य मटेरियल १५ टक्क्यांनी वाढलं म्हणजे ६ वाढले. मजुरी ५ टक्क्यांनी वाढली म्हणजे दीड. नवा दर १०७.५०. वाढ साडेसात टक्के झाली, पंधरा नव्हे. मटेरियलची टक्केवारी सरसकट पूर्ण दरावर लावणं ही नवख्यांची सर्वात महागात पडणारी चूक. बिल्डरच्या ऑफिसातला बिलिंग इंजिनिअर ती लगेच पकडतो आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

पुढे काम तीन भागांत तोडा. समजा ४०० चौरस मीटर झालंय, त्यावर वाढ शून्य. १५० चौरस मीटरचं मटेरियल जुन्या भावाने साइटवर येऊन पडलंय, तिथे फक्त मजुरीचा फरक: १५० × १.५० = २२५. उरलेल्या ४५० वर पूर्ण फरक: ४५० × ७.५० = ३,३७५. एकूण ३,६००, म्हणजे एक लाखाच्या ऑर्डरवर ३.६ टक्के. ‘पंधरा टक्के’ ऐकून उठून जाणारा माणूस ३.६ टक्क्यांवर बोलायला बसतो. चालू कामात वाढीव खर्चावर आणखी नफा लावू नका; नवा नफा नव्या कोटेशनमध्ये धरा.

पुरावा म्हणून सप्लायरची दोन बिलं जोडा: कोटेशनच्या सुमाराचं आणि आजचं. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा माल हवा, आणि दोन्ही भाव कर वगळून. सप्लायरचं म्हणणंही तपासून घ्या. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेच्या १०० मीटर कॉइलमध्ये सुमारे २.२४ किलो तांबं असतं. तांब्याचा किलोमागचा फरक गुणिले २.२४, यापेक्षा कॉइल बरीच जास्त महागली असेल तर आधी सप्लायरशी भांडा, मग बिल्डरकडे जा.

बोलायचं कोणाशी? ज्याच्या सहीने दर बदलतो त्याच्याशी. साइट इंजिनिअरचं ‘बघू, करून घेऊ’ म्हणजे मंजुरी नव्हे. त्याला कल्पना जरूर द्या, कारण शिल्लक कामाचं माप तोच प्रमाणित करणार आहे. वेळ म्हणाल तर पुढची मटेरियल ऑर्डर टाकण्याच्या दोन-तीन आठवडे आधी. स्लॅबच्या आदल्या दिवशी काढलेला विषय अडवणूक वाटतो, आणि काम झाल्यावर बिलात घुसवलेला वाढीव दर सरळ कापला जातो.

आधी फोन करा: ‘साहेब, शिल्लक ४५० चौरस मीटरच्या मटेरियलचा आणि ६०० चौरस मीटरच्या मजुरीचा भाव वाढलाय. एकूण फरक ३,६०० बसतो. हिशोब आणि बिलं आजच पाठवतो. कमी कसा करता येईल त्याचे दोन मार्गही त्यात आहेत. शुक्रवारपर्यंत कळवाल का?’ त्याच दिवशी पत्र किंवा ईमेल जाऊ द्या. त्यात ऑर्डर क्रमांक आणि तारीख, आयटम क्रमांक, जुना-नवा दर, शिल्लक माप, एकूण फरक, कोणत्या तारखेपासून, आणि सप्लायरचा भाव किती दिवस टिकेल हे सगळं एका पानात बसवा. ‘बाजारभाव वाढल्यामुळे’ या शब्दांनी कोणी पैसे दिलेले नाहीत.

मार्ग खरे असावेत. बिल्डरने मटेरियलचा ॲडव्हान्स दिला तर आजच्या भावाने माल उचलता येतो. तो स्वतः माल पुरवू शकतो, फक्त वेस्टेज, म्हणजे वाया जाणारा माल, किती टक्के धरायचं ते लेखी ठरवा. आर्किटेक्टची मंजुरी घेऊन समतुल्य दुसरा माल वापरता येतो. आणि पेमेंट लवकर मिळालं तरी फरक पडतो: वार्षिक १२ टक्के व्याज धरलं तर बिल ३० दिवस आधी मिळणं म्हणजे सुमारे १ टक्का वाचला.

जुनी थकबाकी आणि एक्स्ट्रा कामाचे वाद या पत्रात आणू नका. तिन्ही एकत्र लोंबकळतात. काम बंद करण्याची धमकी तर नकोच. करारात तशी मुभा नसेल तर दोषी तुम्हीच ठरता. नकार आला तर तोटा मोजून काम पुरं करायचं की रीतसर बाहेर पडायचं ते ठरवा. पण गुपचूप थर पातळ करणं किंवा हलका माल लावणं हा मार्ग नाही; तिथे पुढे कोणीतरी राहणार असतं.

होकार मिळाला की सुधारित ऑर्डर हातात घ्या. त्यात ‘अंतिम, यापुढे कोणताही दावा नाही’ असं वाक्य असेल तर सही करण्याआधी ते फक्त या आयटमपुरतं मर्यादित करून घ्या. पुढच्या रनिंग बिलात (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिल्या जाणाऱ्या बिलात) मूळ दर एका ओळीत आणि फरक वेगळ्या ओळीत दाखवा, म्हणजे फरकावर वाद झाला तरी मूळ रक्कम अडकत नाही.